नलू, तुझ्या पत्त्यावर आणखी एक आली

नलू,

मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य असं होतं : "बारशाले येजो, पण तोंड उघडजो नको."

पलीकडून तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. आपल्या नणंद-भावजयीच्या एवढ्या वर्षांच्या भांडणात तू कधी "बरं" म्हणाल्याचं मला आठवत नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी कसली सावध होते! जिंकले म्हणून खूश झाले आणि वाटाणे सोलायला बसले.

आठवडाभरात पुण्याहून फोन आला, तू झोपेतच गेलीस म्हणून. माझा विलास रात्रीच्या गाडीनं निघाला. मी आले नाही. सगळ्यांना गुडघ्याचं सांगितलं. गुडघे दुखतातच, त्यात खोटं काही नाही. पण त्या दिवशी पाय निघाला नाही तो गुडघ्यामुळे नाही. तुझं तोंड पाहायची हिंमत नव्हती माझ्यात. तू आलीस ती मडक्यात, लाल कपडा बांधून, आणि धाम नदीच्या पाण्यात तुला सोडलं तेव्हाही मी काठावर मागेच उभी होते. कोणाला वाटलं असेल, म्हातारी किती दुःखात आहे. दुःख होतंच गं. पण लाजेनं मान वर होत नव्हती, हे कोणाला सांगू?

सुतकात बसायला येणारे विचारत होते, "नलूताई नेमकं काय करत होत्या पुण्याले?" आणि मी, जिनं सगळ्या पवनारात तुझी जाहिरात केली, ती गप्प. तुला आठवतं ना, पहिल्या पहिल्यांदा मी काय सांगायची? "नलू सॅटेलाइटवर हाये." मला खरंच वाटायचं, हेच बरोबर आहे, तूच तर म्हणाली होतीस की दुर्बीण सॅटेलाइटवर आहे. शेजारची कौसाबाई चिंतेत पडली. म्हणाली, "बाप्पा! मंग पोट्टी खाते काय तिथं?" मी तोऱ्यात सांगितलं, "थे लोक सोबत घेऊन जाते." तू दिवाळीला आलीस तर कौसाबाईनं तुझे दंड चाचपून पाहिले, वाळली का म्हणून. मॅट्रिक पास झालेली बाई मी! आमच्या गल्लीत त्या काळात मी एकटीच मॅट्रिक, त्यामुळे मला चूक म्हणणारं कोणी नव्हतं. हेच माझं नुकसान झालं.

आता मला नीट सांगता येतं. आपली आकाशगंगा आहे, तिच्या मधोमध एक काळं, प्रचंड जड असं काही बसलेलं आहे. चाळीस लाख सूर्यांइतकं. मधे इतकी धूळ की साध्या डोळ्याला तिकडचा उजेड पोचत नाही, पण क्ष-किरण पोचतात. तू ते किरण पाहायचीस. एवढं चार वाक्यांत सांगता येतं, आणि सुतकातल्या पाहुण्यांना मी ते सांगू शकले नाही, कारण पुढचा प्रश्न काय येईल याची मला धास्ती होती. कोणीतरी विचारलं असतं, ते असतं कुठं, आभाळात कोणत्या बाजूला? आणि मला सांगावं लागलं असतं, की मूळ नक्षत्रात.

तू मूळ नक्षत्रावर जन्मलीस ही गोष्ट मी या घरात आले त्याच वर्षी सासूबाईंनी सांगितली होती. चूल फुंकता फुंकता, हळू आवाजात, जसं काही तुला सहा बोटं आहेत. पोरगी मूळावर आली की बापाला भारी, आणि लग्न झालं की सासऱ्याला भारी. सत्तावीस दिवसांनी ते नक्षत्र पुन्हा येतं तेव्हा शांत करायची, आणि तोवर बापानं लेकीचं तोंड बघायचं नाही. मामाजी, म्हणजे तुझे बाबा, तेवढे दिवस मळ्यातल्या खोपटात झोपले. सांबार तोडायचे, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचे, वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायचे आणि घराच्या दाराशी येऊन विचारायचे, "रडते का वं?" शांतीच्या दिवशीही थेट नाहीच. काशाच्या वाटीत तेल ओतलं, सासूबाईंनी तुला मामाजींच्या पाठीमागून धरलं, आणि त्यांनी तेलात वाकून तुझं तोंड पाहिलं. पहिलं वाक्य बोलले म्हणे, "हे तं हासून राह्यली!"

हेच मामाजी पुढे नव्वदीपर्यंत वांगी तोडत होते. गेले तेव्हा तोंडात सगळे दात होते. ज्या बापाला तू भारी पडणार होतीस त्याचं हे असं झालं, आणि तरी मला अक्कल आली नाही.

तुला पाहायला पाहुणे आले त्या दिवसाचा विषय काढल्याशिवाय आपली एक दिवाळी गेली नाही. तू सांगायला लागलीस की मी ओरडायची, "पुरे कर वं!" आणि मनात म्हणायची, सांग, आणखी सांग. तेव्हा मी दोन लेकरांची आई, केसांत आबोली, नवीन नायलॉनची साडी, आणि डोक्यात असा भ्रम की माझ्याएवढी मुत्सद्दी बाई वर्धा जिल्ह्यात नाही. तुझी जन्मवेळ मी परस्पर बदलून दिली होती. मूळ काढलं, पूर्वाषाढा घातलं. जसं सांबाराच्या जुडीत पिवळी पानं आत सरकवायची आणि हिरवी वर ठेवायची. कोणाला कळणार होतं?

मुलाचा बाप सांबारवडी हातात घेऊन बसलेला. गरम गरम, मीच तळलेली. त्यानं तुला विचारलं, "काय शिकता बाई?" तू म्हणालीस, "फिजिक्स." मग त्यानं काही न विचारता तूच पुढे म्हणालीस, "काका, मी मूळ नक्षत्राची हाये. तुमची तब्येत कशी राह्यते?"

त्या माणसाचा चेहरा! सांबारवडी तोंडाशी नेलेली, ती तशीच खाली आली, बशीत ठेवली, आणि बशी हळूच दूर सरकवली. जसं काही मूळ त्या वडीतच भरलं होतं. मी दाराच्या आडून पाहत होते. पाहुणे गेल्यावर मी तुला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, तू मात्र ती वडी उचलून खाल्लीस आणि म्हणालीस, "वहिनी, मीठ कमी हाये."

पुढच्या महिन्यात तू नागपूरला एम. एस्सी.ला गेलीस आणि तिथून पुण्याला. वर्षभर मी तुझ्याशी बोलले नाही. नाक कापलं म्हणून बोलले नाही. कोणाचं नाक कोणी कापलं होतं, हे समजण्याइतकं ते नाक लहान नव्हतं.

आणि नंतरची ती दिवाळी. तू आता तिकडे नोकरीला लागलेली. लक्ष्मीपूजन झालं, पोरं फटाक्यांत गुंतली, आणि तू मला ओढत मळ्यात नेलंस. नुकता अंधार पडत होता. नदीपलीकडे, दक्षिणेच्या अंगाला, आभाळात तू बोट दाखवलंस.

"थो विंचू पाह्य. नांगी दिसते का?"

"दिसते."

"तिच्या बाजूले, थोडंसं वर. तिथं हाये."

"काय हाये? काई तं दिसत नाई."

"दिसत नाई म्हणून तं मले नोकरीवर ठेवलं." मग तू हसायची थांबलीस आणि म्हणालीस, "वहिनी, मी जन्मली तवा चंद्र इथं होता. ह्याच गल्लीत. आकाशगंगेचं मधोमध घर ह्याच गल्लीत हाये, आन तुमी मले ह्या पत्त्यासाठी बदनाम केलं."

मी म्हणाले, "मी नाई केलं. मी तं पत्ता बदलून देत होती."

तू इतकी हसलीस की मळ्यातला कुत्रा भुंकायला लागला.

त्याच दिवाळीत, की त्याच्या पुढच्या, तू मला ढगांचं सांगितलंस. ओटीवर बसून माझ्या तळपायांना तेल घासत होतीस, त्याच काशाच्या वाटीनं. तुझं शांतीचं काम झाल्यापासून त्या वाटीला घरात हेच काम. तू सांगत होतीस, ते काळं आता गप्प आहे, फार गप्प. पण काही शे वर्षांपूर्वी त्यानं कधीतरी काहीतरी गिळलं असावं आणि ते जोरात भडकलं असावं. तो भडका आपल्याकडे येऊन निघून गेला तेव्हा तो पाहायची सोयच कोणाकडे नव्हती. मात्र शेजारी मोठमोठे ढग आहेत. तो उजेड आधी त्यांच्यावर पडला, आणि मग तिथून वळून, लांबच्या वाटेनं, आता आपल्यापर्यंत पोचतो आहे.

मी म्हणाले, "म्हंजे यानं गुपचूप भानगड केली, आन शेजारणींनी चुगली केली."

तुझा हात थांबला. "वहिनी!" तू म्हणालीस, "हौ. अगदी असंच." पुण्यात कुठल्याशा मोठ्या सभेत तू ते सांगितलंस, 'माझी वहिनी म्हणते' असं म्हणून. लोक हसले आणि टाळ्या वाजल्या, हे तू मला फोनवर सांगितलंस. मी कितीतरी दिवस फुगलेली होते. नलू, माझ्या अख्ख्या आयुष्यात माझं वाक्य कोणी सभेत सांगितलं नव्हतं. या घरात तर मी बोलायला लागले की तुझे दादा रेडिओ लावायचे.

वाटी पायावर फिरवता फिरवता तू आणखी एक म्हणालीस, पण ते हळू, मला ऐकवायला नव्हे. "बाबांनी मले पह्यले तेलात पाह्यलं. मी बी त्याले तसंच पाहून राह्यली. थेट नाई, ढगात." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता आपलं अर्धवट राहिलेलं भांडण.

विलासची लेक पल्लवी बाळंतपणाला अकोल्याहून, सासरहून, माहेरी आलेली; तिची वेळ भरली तेव्हा मी दवाखान्यात होते. तिची आई, विलासची बायको, तिच्याजवळ आत, मी बाहेर. पहाटे पोरगी झाली. नर्सनं सांगितलं आणि मी आनंदात मोकळ्या हवेला अंगणात आले. समोर आभाळात चंद्राची कोर. बारीक, वांगं चिरल्यासारखी. आणि तिच्या बाजूला ती विंचवाची नांगी.

पंचांग लागलं नाही मला. कोणाला विचारावं लागलं नाही. तू बोट धरून जे आभाळ शिकवलंस ते मी त्या पहाटे घडाघडा वाचलं. आणि वाचून केलं काय? विलासला सांगितलं, "दुपारपर्यंत अकोल्याले फोन लावू नको. मी लावतो." पल्लवीच्या आईला सांगितलं, मोबाइलला इथं रेंज नाही. दुपारी मूळ उतरलं, मग मी पल्लवीच्या सासूबाईंना फोन केला आणि गोड आवाजात म्हणाले, "अभिनंदन विहीणबाई, आत्ताच लक्ष्मी आली."

तुझी शिकवलेली विद्या मी जन्मात एकदा वापरली, ती खोटं बोलायला.

संध्याकाळी तुझा फोन. मी तुला खरी वेळ सांगितली. तुझ्याशी खोटं बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. तू आनंदानं ओरडलीस. "वहिनी, माह्या पत्त्यावर आली वं पोट्टी! मी बारशाले येतो, सगळ्यायले सांगतो, आभाळात कुठं आली थे दाखवतो." आणि मी तुला सांगितलं, की कोणाला काही सांगायचं नाही. मी वेळ बदलली आहे.

तू म्हणालीस, "वहिनी, तू लपवून राह्यली म्हंजे तू मानून राह्यली."

मी म्हणाले, लोकांत मला राहायचं आहे, तू तर पुण्यात. उद्या पोरीच्या बापाला गाडीवरून पडून खरचटलं तरी बोल लागेल त्या एवढ्याशा जिवाला. तू म्हणालीस, लागू दे, आपण सगळे आहोत ना तिच्या बाजूनं उभे राहायला. तू बरोबर होतीस आणि माझ्याकडे शब्द संपले होते. शब्द संपले की माणूस हाताला येईल ते फेकतो. मी फेकलं : "तुले लेकरू नाई नलू. तुले काय समजन!"

आणि त्यावर तू काही बोलायच्या आत, मघाचं ते वाक्य. बारशाले येजो, पण तोंड उघडजो नको.

"बरं."

आता परवाचं ऐक. सुतक फिटलं, आणि बारशाला अकोल्याची मंडळी आली. पाळणा आपल्या ओसरीत, विलासनं झेंडूच्या माळा लावलेल्या. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. नाव असं ठेवलंय की माझी जीभ त्याला वळसा घालून जाते. मी तिला 'पोट्टी' म्हणते. बायका पाळण्याला झोका देत होत्या, आणि माझ्या मनात सारखं तुझं 'बरं' वाजत होतं. माझी पाळी आली. मी पाळण्याची दोरी धरली आणि दोरी धरूनच बोलले. बसून बोलले असते तर पुन्हा हिंमत झाली नसती.

"विहीणबाई, पोट्टी दुपारची नाई. पहाटची हाये. मूळ नक्षत्राची. मी तुम्हाले खोटं सांगितलं."

पल्लवीनं खाली मान घातली. मला वाटलं, रडते आहे. बघते तर हसू दाबते आहे.

विहीणबाई बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत होत्या. ते करत करतच म्हणाल्या, "माहीत हाये आजी."

"कोणं सांगितलं?"

"पल्लवीनं पहाटीच केतनले फोटो पाठवला. बापानं लेकीचं तोंड पह्यल्याच घंट्यात पाह्यलं, मोबाइलात." मग दुपट्याचं टोक खोचून, "आन मंग नलूताईचा फोन आलता."

नलू, मला तू हे सांगितलं नाहीस. आपलं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू त्यांना फोन केलास. आधी त्यांच्याकडूनच काढून घेतलंस की त्यांना ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, आमच्याकडे हे मानतात, मी माझ्या समाधानाला शांत करीन. तू त्यावर वाद घातला नाहीस. फक्त म्हणालीस, "करा. पण पोट्टी मोठी झाली का तिले पत्ता मी सांगीन."

आणि शेवटी म्हणे असं म्हणालीस : "माह्या वहिनीले कळू देजा नको तुम्हाले माहीत हाये म्हून. थे लेकराले पदराखाली घेऊन बसली हाये. मले बी तशीच घेत होती. तिले वाटू द्या, तिनं झाकलं."

विहीणबाईंनी हे साध्या आवाजात सांगितलं, जसा निरोप सांगतात. मी दोरी सोडली. कोणीतरी मला खुर्ची दिली, कोणीतरी पाणी. केतन म्हणाला, "आजी, राग नाही ना आला?" राग! बाळाला माझ्या कुशीत देऊन तो फोटो काढायला लागला. ती माझ्याकडे पाहत होती, तशी त्या वयाची लेकरं पाहतात, कशाकडेच नाही आणि सगळ्याकडे.

ज्या गुपितासाठी मी तुझं तोंड बंद केलं ते पहाटेपासून साऱ्या अकोल्याला ठाऊक होतं. आणि ते मला कळू नये म्हणून तू त्या 'बरं'पुढे मला एक शब्दही सांगितला नाहीस. तुला लेकरू नाही असं मी म्हणाले, आणि तू म्हातारपणी मलाच लेकरासारखं सांभाळलंस. शिव्या दिल्या असत्यास तर मी आज सुटले असते. दिवाळीला तुझ्या पायाशी बसून मी कान धरले असते, तू माझी टिंगल केली असतीस, सांबारवडीत मीठ कमी म्हणाली असतीस. आता कोणापुढे कान धरू?

तुझ्यानंतर ढग मात्र बोलतायत बघ. भडका विझला, तू गेलीस, आणि आता एक एक जण मला सांगत येतोय. विहीणबाईंनी सांगितलं ते एक. काल तुझी एक विद्यार्थिनी पुण्याहून फोनवर बोलली. तिला माझं नाव ठाऊक नव्हतं, पण 'चुगलीवाल्या वहिनी' म्हटल्याबरोबर ओळखलं तिनं. म्हणाली, मॅडम तुमच्याबद्दल फार बोलायच्या. मी विचारलं, काय बोलायच्या? ती म्हणाली, चांगलंच हो. मी विश्वास ठेवला नाही. मग ठेवला, आणि जास्तच वाईट वाटलं.

आज दुपारी घरात कोणी नव्हतं. पल्लवी बाळाला घेऊन झोपली होती. मी फळीवरून काशाची वाटी काढली, चिंचेनं घासली, आणि पुढ्यात घेऊन बसले. तीत तेल ओतलं. म्हटलं, पाय घासून घ्यावेत, आता घासणारं कोणी नाही. पण पाय घासले नाहीत. वाटीवर वाकले.

तेल हललं, मग स्थिर झालं. आत एक म्हातारी. सुरकुत्या, कपाळावर कुंकू नाही, नाक अजून तेवढंच मोठं. थेट पाहायची हिंमत नव्हती, म्हणून असं पाहिलं. फार वेळ पाहिलं, नलू. मामाजींना तेलात दिसलेल्या लेकीसारखं हे तोंड हसत नव्हतं.

मग आत बाळ रडलं. मी वाटी खाली ठेवली, तेलाचे हात पदराला पुसले आणि उठले. पल्लवीला म्हणाले, "दे इकडं. तिले आभाळातला पत्ता मी सांगीन."